आपला आज्ञाधारक



शाळेत असताना रजेचा अर्ज लिहिताना आपण सर्वांनी शेवटी एक ओळ न चुकता लिहिली आहे : आपला आज्ञाधारक विद्यार्थी. अर्ज असायचा तापाचा, नाही तर मामाच्या लग्नाचा. शाळा बुडवायची परवानगी मागतानाच आपण स्वतःला आज्ञाधारक म्हणवून घेत होतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. तेव्हापासून या शब्दाला एक वास चिकटला आहे. आज्ञाधारक म्हणजे मान खाली घालणारा, वरच्याला खूश ठेवणारा आणि त्याची पाठ वळली की आपले तेच करणारा, असे चित्र डोळ्यांपुढे येते. म्हणून प्रवचनात ‘आज्ञापालन’ हा शब्द आला की तरुण मुले खाली बघतात आणि वडीलधारी मंडळी त्या मुलांकडे बघतात.

तरीही हा शब्द आपल्याला टाळता येत नाही, कारण प्रभू येशूने आपल्याशी जोडलेले राहण्याची जी वाट सांगितली ती याच शब्दातून जाते. प्रश्न सोपा नाही. प्रभूशी आपले नाते प्रेमाचे असेल, तर त्यात आज्ञा कशाला? आणि आज्ञा पाळणे हेच नाते असेल, तर जो सगळे नियम पाळतो पण ज्याचे मन कोरडे पडले आहे, तो जोडलेला आहे की तुटलेला? याचा विचार आज आपण सर्वांनी मिळून करू या.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले, पित्याला माळी आणि आपल्याला फाटे. उपासना वर्षाच्या ‘ब’ वर्षात, पास्काकाळातील पाचव्या रविवारी, हा उतारा मिस्सामध्ये वाचला जातो. पण त्या दिवशी वाचन आठव्या वचनाशी थांबते. आज्ञा पाळण्याचा भाग नवव्या वचनानंतर येतो आणि तो सहाव्या रविवारी वाचला जातो. म्हणजे जो एकाच रविवारी आला त्याच्या कानी अर्धीच गोष्ट पडते. पहिल्या रविवारी आलेल्याला वाटते, नुसते वेलीला चिकटून राहिले की झाले. दुसऱ्या रविवारी आलेल्याला वाटते, प्रभूने नियमांची यादी दिली आहे. दोन्ही भाग सलग वाचले तरच अर्थ लागतो, कारण एकच क्रियापद त्या दोन्हींना शिवून टाकते. ते म्हणजे ‘राहणे’. चौथ्या ते दहाव्या वचनापर्यंत मूळ ग्रीकमध्ये ते दहा वेळा आले आहे. इतक्या थोड्या जागेत एखादा माणूस एकच शब्द दहा वेळा उच्चारतो तेव्हा तो निरोप घेत असतो. आणि तसेच होते. ती शेवटच्या भोजनाची रात्र होती. यहुदा उठून बाहेर अंधारात गेलेला होता, पेत्राचा नकार काही तासांवर आला होता. फाटा तुटणे म्हणजे काय, हे प्रभू त्या रात्री डोळ्यांनी बघत होता.

आता हा रविवार कधी येतो ते पाहा. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या दिवसांत इंदापूर तालुक्यात, बोरीच्या बाजूला, द्राक्षबागेतून चक्कर मारली तर वेलीवर पाहण्यासारखे काहीच नसते. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून गेलेला असतो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते. ओलांड्यावरच्या काड्या एक-दोन डोळे ठेवून छाटून टाकलेल्या असतात. मांडवाच्या तारा उघड्या पडलेल्या, खाली कोरडी जमीन, वर चाळीस अंशांचे ऊन. शहरातला माणूस बघेल तर म्हणेल, बाग गेली. बागाईतदाराला माहीत असते की पुढच्या वर्षीचा घड ठरण्याचे दिवस हेच आहेत. छाटणीनंतर जी नवी फूट निघते तिच्या डोळ्यांत साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात सूक्ष्म घडनिर्मिती होते. तो घड तेव्हा कोणालाही दिसत नाही. दिसतो तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, डोळा फुटला की. मे-जूनमध्ये फुटीला ऊन कमी पडले, ढगाळ हवा राहिली किंवा फुटव्यांची गर्दी झाली, तर ऑक्टोबरमध्ये कितीही खत-पाणी घाला, डोळ्यातून वांझ फूट निघते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून घड आहे की नाही ते आधीच सांगता येते, एवढाच काय तो फरक.

ख्रिस्तसभेने हे वाचन याच आठवड्यांत ठेवले याला आपल्याकडचा छाटणीचा हंगाम कारण नाही, हे उघडच आहे. रोममध्ये पंचांग बनवताना इंदापूरचा विचार कोणी केला नसेल. तरीपण आपल्याला हा योग लाभला आहे, तर त्याचा फायदा घ्यावा. भरलेली बाग बघून वेल आणि फाटे यांचा दृष्टान्त सगळ्यांनाच गोड लागतो. छाटलेली बाग बघून तो वाचला की कळते, जोडलेले असणे आणि हिरवेगार दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचे आपल्या काळातले सर्वांत मोठे उदाहरण कोलकात्याच्या संत तेरेसा यांचे आहे. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि जगाला धक्का बसला. रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलून आणणारी ही बाई आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहीत होती की तिला देवाची जवळीक जाणवत नाही, आत अंधार आहे. हे एक-दोन दिवसांचे नव्हते, जवळजवळ अर्धशतक चालले. काही वर्तमानपत्रांनी तेव्हा विचारले की मग ही बाई ढोंग करत होती का? पण पत्रे नीट वाचणाऱ्याला वेगळेच दिसते. भावना संपल्या तरी पहाटेची प्रार्थना चुकली नाही, मिस्सा चुकली नाही, आणि ज्याला उचलायचे त्याला उचलणे थांबले नाही. पहिल्या हाकेच्या वेळी दिलेला होकार तिने मागे घेतला नाही. जाणवत नसलेल्या ख्रिस्ताशी ती आज्ञापालनाच्या धाग्याने बांधलेली राहिली. २०१६ मध्ये ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले ते ही पत्रे बाजूला ठेवून नव्हे, ती समोर ठेवून.

आपल्या धर्मग्रामातही असे लोक आहेत आणि बहुधा ते स्वतःला कमी लेखतात. ‘प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणून मी येत नाही’ असे सांगणारे आपल्याला भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण मन लागणे ही जर जोडलेपणाची खूण मानली, तर मे महिन्यातली प्रत्येक बाग उपटून टाकावी लागेल.

इथे एक सावधगिरी हवी. छाटणीचा दृष्टान्त सांगताना आपण कधी कधी फार सैल बोलतो. कोणाच्या घरी तरुण मुलगा अपघातात गेला, की सांत्वनाला आलेला एखादा म्हणतो, देवाने तुमची छाटणी केली. असे म्हणू नये. प्रभूने दृष्टान्तात छाटणीबद्दल सांगितले ते फळ देणाऱ्या फाट्याविषयी, आणि लगेच पुढे शिष्यांना सांगितले की माझ्या वचनाने तुम्ही स्वच्छ झालेलेच आहात. ग्रीकमध्ये छाटणे आणि स्वच्छ करणे यांना एकाच मुळाचे शब्द आहेत. म्हणजे माळ्याच्या हातातली कात्री म्हणजे त्याचे वचन. ते वचन आपल्या रागावर, हिशेबावर, जिभेवर चालते. प्रत्येक मरण आणि प्रत्येक कर्करोग ही त्या कात्रीची करणी आहे, असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही.

आता आज्ञेकडे वळू. मराठीत एक फार चांगली सोय आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आई शेजारणीकडे तक्रार करते, ‘पोरगा ऐकत नाही हो.’ पोराचे कान उत्तम असतात, हे दोघींना माहीत असते. आपल्या भाषेत ऐकणे म्हणजे कानावर पडणे आणि ऐकणे म्हणजे मानणे, दोन्ही एकच. लॅटिनमध्येही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्या धातूपासून आला आहे, आणि इस्राएल लोकांची रोजची प्रार्थना ‘ऐक’ या शब्दाने सुरू होते. तेव्हा आज्ञापालन हे मुळात नियमांच्या वहीचे काम नव्हे. कोणाचा आवाज आपल्या कानात राहतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. ज्याचे आपण ऐकतो त्याचे आपण असतो. नवऱ्याने बायकोचे ऐकणे बंद केले की घर एकाच छपराखाली राहूनही तुटते, हे सांगायला पंडित लागत नाही.

आणि ऐकण्याने प्रेम विकत मिळत नाही, हेही इथेच समजून घ्यावे. पुष्कळांच्या मनात कर्जाच्या हप्त्यासारखा हिशेब असतो : इतक्या माळा, इतके नोव्हेना, इतके उपवास, आणि त्या बदल्यात मुलीचे लग्न. नीरा डाव्या कालव्याच्या भागात राहणाऱ्यांना हा हिशेब का चुकतो ते लवकर कळावे. पाणी वीरच्या धरणातून येते. आपल्या शेताने ते कमावलेले नसते. आवर्तन सुटले की पाणी फाट्यापर्यंत येतेच. पण आपली चारी गाळाने आणि गवताने भरलेली असली, तर ते आपल्या बांधापाशी येऊन मागे फिरते आणि आपण पाटकऱ्याला शिव्या देतो. चारी साफ करणाऱ्याने पाणी निर्माण केले असे कोणी म्हणत नाही. तरी त्याने चारी साफ केली नसती तर ऊस वाळला असता, हेही खरेच. आज्ञा पाळण्याचे काम साधारण या जातीचे आहे. कृपा पित्याची. वाट मोकळी ठेवणे आपले. (आपल्याकडे कालव्याच्या शाखेलाही फाटाच म्हणतात आणि जुन्या मराठी बायबलमध्ये वेलीच्या फांदीलाही फाटाच म्हटले आहे, हा योगायोग आपल्याच भागातल्या माणसाला कळावा असा आहे.)

एवढे सगळे पटले तरी खरी अडचण पुढेच आहे. वेलीच्या फाट्याला इच्छा नसते, माणसाला असते. फाटा वेलीला विचारत नाही, आणि वेलीच्या नावाने तिसराच कोणी हुकूम सोडत नाही. माणसांत तसे होते. प्रभूची आज्ञा आपल्यापर्यंत आई-वडील, धर्मगुरू, सासू, साहेब, पुढारी अशा माणसांच्या तोंडून येते आणि त्या तोंडांची स्वतःची आज्ञाही त्यात मिसळलेली असते. मग कोणाचे ऐकायचे?

या प्रश्नाशी झुंजलेली एक व्यक्ती आपल्या शेजारच्याच दौंड तालुक्यात, केडगावला, चिरविश्रांती घेत आहे. पंडिता रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन सिस्टरांच्या आश्रयाने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. सिस्टरांना वाटत होते की नव्या विश्वासणारीने निमूटपणे शिकावे, मान्य करावे. रमाबाईंचे म्हणणे असे की भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसऱ्या पुरोहितांचे जोखड चढवून घेण्यासाठी नव्हे. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि त्याचा आवाज मला ऐकलाच पाहिजे.

कॅथलिक म्हणून आपल्याला त्यांची प्रत्येक भूमिका पटणार नाही. ख्रिस्तसभेचा अधिकार आपण मानतो आणि तो प्रभूने दिलेला आहे असे मानतो. पण रमाबाईंना केवळ अवज्ञेच्या खात्यात टाकून मोकळे होता येणार नाही, कारण फळ पाहावे लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि मुली यांना त्यांनी आणले आणि केडगावच्या माळरानावर मुक्ती मिशन उभे राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही आणले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचे काम हाती घेतले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. ही बाई कोणाचेच ऐकत नव्हती, असे कोण म्हणेल? ती एकाचे फार बारकाईने ऐकत होती.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात सदसद्विवेकाला माणसाचा सर्वांत आतला गाभारा म्हटले. तिथे माणूस देवाबरोबर एकटा असतो. तो विवेक घडवावा लागतो, हेही परिषदेने सांगितले. मनाला येईल ते म्हणजे विवेक नव्हे. विवेक घडतो तो वचन ऐकून, संस्कार घेऊन, ख्रिस्तसभेबरोबर चालून. पण घडलेल्या विवेकाने ‘हे पाप आहे’ असे सांगितले, तर वरून हुकूम आला म्हणून ते करता येत नाही.

हे पुस्तकी नाही. वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला वरून सांगितले जाते की प्रत्येक गाडीमागे इतके कमी दाखव. तो म्हणतो, मी तर हुकमाचा ताबेदार. घरात पहिली मुलगी झालेल्या सुनेला सांगितले जाते, या वेळी ‘तपासणी’ करून घे, कुठे करायची ते आम्हाला माहीत आहे. ती म्हणते, मोठ्यांचे ऐकले पाहिजे असेच मला शिकवले आहे. या दोघांनाही आपण चर्चमध्ये आज्ञापालनाचेच धडे दिलेले असतात. नुसते ‘मोठ्यांचे ऐका’ एवढेच शिकवले आणि कोणाच्या आधी कोणाचे हे शिकवले नाही, तर त्या पापाचा काही वाटा शिकवणाऱ्यांच्या पदरात पडतो. पवित्र मरियेने होकार देण्यापूर्वी देवदूताला प्रश्न विचारला होता, हे कशाने होईल? विचारल्यामुळे तिचे आज्ञापालन कमी झाले नाही. आपल्या घरातल्या किती सुनांना तेवढा एक प्रश्न विचारायची मुभा आहे?

उलट बाजूही आहे, आणि ती आजच्या काळात जास्त विसरली जाते. विवेकाचे नाव सांगून आपण कधी कधी फक्त आपली सोय बघतो. त्यासाठी आपल्याच पुणे धर्मप्रांतातले एक उदाहरण आठवावे. हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, केंदळ येथे काम करताना त्यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. मराठी ख्रिस्ती माणसांसाठी मराठीत लिहायचे, त्यांच्या गावात राहायचे, असे त्यांचे आयुष्य ठरल्यासारखे होते. मग पहिले महायुद्ध आले. जर्मन असणे हाच गुन्हा ठरला. आपल्याकडच्या जर्मन धर्मगुरूंना इंग्रज सरकारने नजरकैदेत टाकले आणि मायदेशी पाठवले. डोरिंग यांना आपल्या धर्मप्रांतात काम करता येईना. १९२१ मध्ये त्यांनी पुण्याचे पद सोडले आणि १९२३ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती थेट जपानमध्ये, हिरोशिमाला. जन्म १८५९ चा, म्हणजे साठी उलटलेली. जिथली भाषा येते तो देश बंद झाला, आणि जिथली येत नाही तिथे जा म्हणून सांगितले गेले. ते गेले. १९२७ मध्ये त्यांना पुन्हा पुण्याला पाठवण्यात आले आणि १९४८ पर्यंत त्यांनी हा धर्मप्रांत सांभाळला. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांच्या नियमात आज्ञापालनावर फार भर आहे. त्याच वेळी, एखादी आज्ञा अडचणीची वाटली तर प्रार्थना करून आपले म्हणणे वरिष्ठापुढे मांडण्याची सोयही त्यात आहे. मांडायचे, आणि पाप नसेल तर निर्णय स्वीकारायचा. रमाबाई आणि डोरिंग यांना शेजारी ठेवून पाहिले तर आपल्याला पहिल्यांदा विरोध दिसतो. एकीने मान तुकवली नाही, दुसऱ्याने तुकवली. आमच्या मते फरक आज्ञेत आहे. रमाबाईंना विवेक गहाण ठेवायला सांगितले जात आहे असे वाटत होते. डोरिंग यांना फक्त स्वतःची आवड आणि स्वतःचे काम सोडायचे होते. पहिले देण्याचा कोणालाच अधिकार नाही. दुसरे देणे कठीण आहे, पण त्यात पाप नाही, आणि बहुतेक वेळा आपल्याकडून मागितले जाते ते दुसरेच. आपण मात्र आपल्या आवडीला विवेकाचे नाव देतो. भजनमंडळातून नाव वगळले, नाताळच्या नाटकात मुलाला भूमिका मिळाली नाही, सभेत आपली सूचना फेटाळली, एवढ्यावरून सहा-सहा महिने चर्चची पायरी न चढणारी घरे आपल्याला माहीत आहेत.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ती बोलली जात नाही, म्हणून इथे लिहितो आहोत. आपल्या पुष्कळ कुटुंबांना ख्रिस्ताशी जोडलेले राहण्याची किंमत कागदावर मोजावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख बांधव आले, १९९० मध्ये बौद्ध बांधव आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच आहेत. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात म्हटले की जी व्यक्ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरते तिला केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागता येणार नाही.

म्हणून कुठे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा तरुण चौकशीच्या वेळी भिंतीवरचे क्रूसचित्र उतरवून ठेवतो. त्याच्या आजोबांना गावकीने पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही ती आठवण गावाने पुसली नाही. जात सुटली नाही, सवलत मात्र सुटली. हा अन्याय आहे आणि भारतातल्या बिशपांनी तो अन्याय असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले आहे. दर वर्षी १० ऑगस्टला त्यासाठी काळा दिवस पाळला जातो.

तरीपण प्रश्न राहतो. पेत्राने शेकोटीपाशी एका दासीला सांगितले, मी त्याला ओळखत नाही. त्या तरुणाने केले ते तेच का? आम्ही असे म्हणायला धजत नाही. पेत्राला जिवाची भीती होती. या मुलाला बहिणीच्या शिक्षणाची चिंता आहे, आणि ज्या व्यवस्थेने त्याला खोटे बोलायला लावले ती आधी उत्तर देणे लागते. पण काहीच बिघडत नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. भिंतीवरून उतरवलेले क्रूसचित्र परत लावताना त्या घरात कोणी काही बोलत नाही, आणि ती शांतता मुले ऐकत असतात. दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहून सवलत सोडणारी कुटुंबेही आपल्यात आहेत. त्यांच्या मुलांची फी भरताना काय हाल होतात, हे त्यांना विचारायला आपल्यापैकी कितीजण गेलो? एकाने किंमत मोजायची आणि बाकीच्यांनी त्याच्या श्रद्धेचे कौतुक करायचे, हे वेलीचे लक्षण नव्हे. वेलीत एका फाट्याला ताण बसला तर रस सगळीकडून ओढला जातो. धर्मग्रामात शिक्षणासाठी थोडा निधी काढण्याचा विषय निघेल तेव्हा या कुटुंबांचा विचार आधी व्हावा, असे आम्हाला वाटते.

पेत्राचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तिबिर्याच्या समुद्राकाठी पुन्हा शेकोटी होती, आणि प्रभूने त्याला खुलासा मागितला नाही. तीन वेळा प्रेमाविषयी विचारले आणि तीन वेळा काम दिले. तुटलेला फाटा पुन्हा जोडला गेला तो असा, प्रेम आणि आज्ञा एकाच श्वासात. आपल्या बागांत आता बहुतेक वेली डॉगरिजसारख्या रानटी खुंटावर कलम केलेल्या असतात. खुंट रानटी आणि चिवट, वरची काडी गोड फळाची. संत पौलाने रोमकरांस लिहिताना जैतुनाचे कलम सांगितले ते याच्या उलट आहे : मूळ गोड आणि काडी रानटी. आणि हे निसर्गाच्या उलट आहे, हे त्याने तिथेच कबूल केले आहे. कोणत्याही शेतकऱ्याला हा तोट्याचा धंदा वाटेल. कलम बांधताना दोन्हीकडची साल जिथे कापली असेल तिथेच ती एकमेकींना चिकटते, न कापलेल्या सालीवर काडी कितीही घट्ट बांधली तरी वाळते. पापनिवेदनाच्या संस्कारात आपण जे उघडे करतो ते हेच. महिनोन्महिने तिकडे न फिरकणाऱ्यांनी येत्या शनिवारी सायंकाळी यावे. फादर मिस्साच्या आधी बसलेले असतात.

ज्यांना रविवारी येता येत नाही त्यांच्याबद्दल दोन शब्द. बारामतीच्या एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्यांची सुट्टी रविवारी असेलच असे नाही. त्यांच्यासाठी शनिवारच्या सायंकाळची मिस्सा रविवारचीच मानली जाते, हे पुष्कळांना अजून माहीत नाही. आणि हंगाम सुरू झाला की बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जी कुटुंबे आपल्या भागात येतात, त्यांत काही आपल्यासारखीच ख्रिस्ती असतात. दिवाळीच्या आसपास येतात, उन्हाळा लागता लागता जातात. त्यांचे चर्च गावाकडे राहिलेले असते आणि इथे त्यांना कोणी ओळखत नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ती मागच्या दाराशी उभी असतात, लेकरे शालीत गुंडाळलेली. त्यांच्यातले काहीजण ख्रिस्तप्रसाद घेऊन प्रवचनाच्या विषयापेक्षा घड्याळाकडे बघत बाहेर पडतात, कारण पहाटे फडात कोयता चालू व्हायचा असतो. या वर्षी त्यांना बाकावर जागा करून द्यावी, आणि कोणत्या कोपीवर राहतात ते विचारून ठेवावे, म्हणजे जानेवारीत फादरांना तिथे जाऊन मिस्सा करता येईल.